घोड्याआडचा काठ

६ नोव्हेंबर १९३८, रविवार

वर्ष संपायला दोन महिने उरले असताना मला डायरी मिळाली. शहापूर पेठेतल्या अप्पासाहेबांच्या दुकानात आमच्या वडगावच्या मागांवरची लुगडी जातात. त्यांना रंगाच्या कंपनीने ही दिली, त्यांनी मला दिली. "केदारी, तू सातवी शिकलायस, लिव्ह कायतरी." म्हणजे त्यांना नको होती. असो. पुठ्ठा तांबडा आहे, कागद गुळगुळीत आहे, आणि फुकटची वस्तू मला पहिल्यापासून आवडते.

डायरीबरोबर एक कामही आलं. अप्पासाहेबांची एकुलती एक मुलगी जया, तिचं लग्न माघात आहे. तिने कॅम्पातल्या थेटरात एक बोलपट बघितला, आणि त्यातली नायिका विहिरीवरच्या गाण्यात जे लुगडं नेसते तस्संच लग्नात पाहिजे म्हणून धरून बसली आहे. अप्पासाहेब म्हणाले, "तिला आई न्हाय, मी न्हाय म्हणणार न्हाय. काठ हुबेहूब पायजे. संक्रांत झाली की आठ दिसात माझ्या हातात. जमलं तर गावातल्या सगळ्या लग्नघरांस्नी दावीन आणि तुमच्या गल्लीला वर्षभर काम दीन. न्हाय जमलं तर माघापास्नं गिरणीचा माल ठेवतो. गिरणीवाला रोज दारात येऊन बसतोय."

गल्लीत बावीस माग आहेत. मी छातीवर हात मारून म्हणालो, एकदा बघितलेला काठ हा केदारी विसरत नाही.

९ नोव्हेंबर, बुधवार

बोलपट बघितला. अंजनीला बरोबर नेलं. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण बायकोला घेऊन थेटरात जायची ही पहिलीच वेळ. आई म्हणाली, "कामाला चाललाईस की नाटकं करायला?" मी सांगितलं, कामाला. लुगडं शेवटी बाईमाणसाला जास्त कळतं, ती नुसती बरोबर असलेली बरी.

थेटरात बायकांची बाजू वेगळी असते, मध्ये पडदा. दिवे गेले की पडदा सरकवतात. जयाही मोलकरणीला घेऊन आली होती, अंजनी तिच्या शेजारी बसली. मी बाकड्यावर, अगदी पुढे.

विहिरीवरचं गाणं आलं. नायिका घागर घेऊन वळली, काठ आता दिसणार, एवढ्यात खलनायकाचा घोडा आडवा आला! घोडा गेला तेव्हा नायिका विहिरीच्या पलीकडे. एवढा लांबलचक घोडा मी जन्मात बघितला नाही.

शेवट व्हायच्या आधीच मी बाहेर पडलो. खेळ संपला की साहेबाच्या राजाचं गाणं वाजवतात आणि उभं राहावं लागतं. ते माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय समोरच गुंडूचं हॉटेल आहे. तो थंडीत मिरचीची भजी तळतो, आणि गर्दी सुटल्यावर गेलं तर तळाचा चुरा मिळतो. मी पहिल्या घाण्याला हजर होतो. वर आलं घातलेला चहा.

बायका नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी आल्या. अंजनी आणि जया दोघींचे डोळे लाल. बोलपट बघून रडायचं काय असतं, मला कळत नाही. अंजनीला पुडीत चार भजी आणली होती. ती चालता चालता खात होती, माझ्या चार पावलं मागे.

"काठ दिसला का गं?" मी विचारलं.

तिने हातातल्या भज्याकडे बघितलं. मग म्हणाली, "घोडा आडवा आला की वो."

१० नोव्हेंबर, गुरुवार

अंजनीने आज दारात नवीनच रांगोळी काढली. एक कुयरी, तिच्या खाली पायऱ्या, मग उलटी कुयरी. पायऱ्या मोजल्या, नऊ. चुकून सातवीवर पाय पडला तर ओरडली. एवढी बारीक रांगोळी रोजच्या दारात कशाला काढायची? बायकांना वेळ फार.

मी दिवसभर काठ आठवत बसलो. घोडा आठवला.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसऱ्यांदा गेलो. या वेळी मागे खुर्चीवर बसलो, म्हटलं लांबून घोड्याच्या पोटाखालून काही दिसेल. चार खुर दिसले.

आणि आज दुसरीच अडचण ध्यानात आली. लुगड्याचा रंग कोणता? बोलपटात सगळं काळं-पांढरं. गुंडूने हा खेळ आठ वेळा बघितलाय, म्हणून त्याला विचारलं. तो कढईतला झारा वर धरून म्हणाला, "गाजरी. लख्ख गाजरी." शेजारचा पानवाला म्हणाला, काळी चंद्रकळा. अप्पासाहेब म्हणतात हिरवं, कारण नवरीचं हिरवंच असतं. प्रत्येकाला आपापला रंग दिसलाय आणि जो तो शपथेवर सांगतोय. मला स्वतःला ते जांभळं वाटलं होतं, पण त्या दिवशी दुपारी मी वांगी खाल्ली होती.

अंजनीला विचारलं तर म्हणाली, "रंगाचं नंतर बघूया. पुन्यांदा एकदा बघाय पायजे."

तिचं म्हणणं मला पटलं. आज गुंडूकडचं उप्पीटही घेतलं होतं, वर ओलं खोबरं आणि लिंबू. किल्ल्याच्या तळ्यापाशी कठड्यावर बसून दोघांनी खाल्लं. थंडी चांगली होती. अंजनीने सगळा बोलपट, गाण्यांसकट, मला परत सांगितला. खलनायकाचा आवाज तर तिने असा काढला की तळ्यावरचा टांगेवाला वळून बघायला लागला. ही एवढं बोलते हे मला माहीत नव्हतं. घरात तर "जेवाय वाढू?" आणि "धोटा कुठं ठेवलासा?" एवढंच.

२७ नोव्हेंबर, रविवार

चौथी खेप. तिसरी लिहायची राहिली, तीत विशेष काही नव्हतं. आंबोळी खाल्ली.

या वेळी आईलाही नेलं, कारण तिने दोन दिवस तोंड फिरवलं होतं. आईला रंगाचं विचारलं. ती म्हणाली, "पांढरं हाय की. समदं पांढरं तर हाय. डोळं हाईत का गोट्या?" घोड्याबद्दल मात्र तिचं मत चांगलं झालं. लई गुणाचं जनावर, म्हणाली.

मी शेवटी नेहमीसारखा उठलो. भज्यांबरोबर आज गुंडूने शेंगांची चटणी दिली होती, तिच्यावर कच्चं तेल. आईचेही डोळे लाल होऊन आले. विचारलं तर म्हणाली, "ती माय लेकीला सासरी घालवती न्हवं रं! आन् पदरानं डोळं पुसती." मी म्हटलं बरं, भजी खा.

४ डिसेंबर, रविवार

मनातून घाबरलो आहे. बाहेर कोणाला दाखवत नाही, इथे लिहितो. कालची खेप धरून पाच वेळा बोलपट बघून काठाचा पत्ता नाही. गल्लीतले लोक येता-जाता विचारतात, "केदारी, झालं का?" बावीस मागांचं ओझं माझ्या डोक्यावर. मला एवढी मोठी फुशारकी मारायची काय गरज होती?

अंजनी शांत आहे. गेले आठ दिवस फावल्या वेळात धोट्यात घालायच्या कांड्या भरत बसते. मोरपंखी रेशीम. कुठलं आणलंस म्हटलं, तर म्हणाली, "हुतं." दिवाळीचं उरलेलं असेल. मी म्हटलं, कशाला भरतेस, मागावर चढवायला आपल्याकडे काय आहे? ती म्हणाली, "हाताला सवय असू दे."

"बुधवारी जायाचं न्हवं?" हेही तिनेच विचारलं. कामाची काळजी माझ्याइतकीच तिलाही आहे, हे बघून बरं वाटलं.

१३ डिसेंबर, मंगळवार

घात झाला. बुधवारी काही जाता आलं नव्हतं, म्हणून आज गेलो तर थेटरावर दुसऱ्याच बोलपटाची पाटी. आमच्या बोलपटाच्या पेट्या निपाणीला गेल्या. तिथे तंबूत लागणार आहे.

पेठेतून येताना अप्पासाहेबांनी हाक मारली. "माग चढला का रं?" मी म्हणालो, चढतोय. आयुष्यात एवढं खोटं मी फक्त सासऱ्यापुढे बोललो होतो. दुकानाच्या पायरीवर गिरणीचा माणूस बसला होता, पानाचा डबा उघडून.

आज गुंडूकडे गेलो, पण भजी अर्धीच खाल्ली. गुंडू घाबरला आणि ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून बघायला लागला.

२१ डिसेंबर, बुधवार. निपाणी

काल सर्व्हिस मोटारीने निपाणीला आलो, अंजनीलाही आणलं. तिची मावशी बायाक्का इथे असते. तंबाखूचे दिवस, सगळ्या गावाला त्याच्या भुकटीचा, खकाण्याचा वास. मोटारीतून उतरल्यापासून मी शिंकतोय.

बायाक्काने जावयाला काय घालू नि काय नको असं केलं. दुपारी शेतावर हुरडा, त्याच्यावर शेंगांची चटणी आणि दही. तिथून गुऱ्हाळावर. काहिलीतली गरम काकवी भाकरीवर ओतून दिली, मग गरम गुळाचा खडा, मग रस. मी नको नको म्हणत सगळं खाल्लं. संध्याकाळी तंबूत सतरंजीवर बसलो तेव्हा मला हलता येत नव्हतं.

विहिरीचं गाणं आलं, घोडा आला, घोडा गेला. नवीन काही नाही. मी आशा सोडली. शेवट जवळ आला, सवयीने उठायला गेलो, पण पोट उठेना. आणि उठून जायचं कुठे? तंबूबाहेर गुंडू थोडाच होता! बसून राहिलो.

नायिकेची मुलगी सासरी निघाली. नायिकेने तेच लुगडं जपून ठेवलेलं, तेच नेसून ती दारात उभी. गाडी हलली. नायिकेने पदर डोळ्यांना लावला आणि काठ पडद्यावर भरून आला. मोठा, खाटेएवढा. धागा न् धागा दिसत होता. कितीतरी वेळ ती डोळे पुसतच राहिली. आख्खा तंबू हुंदके देत होता आणि मी बोटांवर मोजत होतो. एक शिंक आली तीही मी गिळली.

सहा वेळा. सहापैकी पाच वेळा हा काठ माझ्या पाठीमागे पडद्यावर होता आणि मी भजी खात होतो.

सकाळी अंजनी बायाक्काच्या परसात चूल पेटवत होती. मी तिच्यापुढे बसलो आणि राखेत काडीने काठ काढून दाखवला. "बघ! कुयरी, मग सात पायऱ्या, मग उलटी कुयरी."

"सात न्हवं," ती म्हणाली. "नऊ."

"नऊ कशावरून?"

ती चुलीत फुंकत राहिली. मी पिशवीतून ही डायरी काढली. का काढली सांगता येत नाही, नऊ कुठेतरी आपणच लिहिलंय असं वाटलं. दहा नोव्हेंबरचं पान. माझंच अक्षर. कुयरी, पायऱ्या, उलटी कुयरी. पायऱ्या मोजल्या, नऊ. सातवीवर माझाच पाय पडलेला.

"तुला पहिल्या दिवसापास्नं ठावं हुतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का न्हाईस? माझा जीव जायाची पाळी आलती गं!"

तिने फुंकणी खाली ठेवली. "त्या रात्री सांगणारच हुतो. पर तुमी काठ दिसला का म्हणून इचारलासा, आन् माझ्या हातात तुमी आणल्याली भजी हुती. सांगितलो असतो तर दुसऱ्यांदा कशाला न्हेलासा असता मला?"

अकरा वर्षं. या बाईने कधी काही मागितलं नाही आणि मी समजत होतो की तिला काही नको असतं. मला लाज वाटली, अगदी स्पष्ट लिहितो, लाज वाटली. आणि त्याच्या तळाशी एवढा आनंद झाला की तोही लपवता येईना.

"आन् येळेत झालं नसतं तर? गल्ली बसली असती की," मी उगाच आवाज चढवून म्हणालो.

"कांड्या भरून ठेवलोय. ताणा गल्लीतल्या भरमूकडं तयार हाय. पौष लागला की सांगणारच हुतो," ती म्हणाली. "तुमी लुगडं बावीस दिसात इणतासा. मोजून ठेवल्यालं हाय."

"मोरपंखीच का?"

"जयाच्या आईचं हुतं तसलं. ती बोलपटात आईलाच बघती वो. पहिल्या दिशी माझा हात धरून रडली आन् म्हणाली, आमच्या आईचंबी असंच मोरपंखी हुतं. अप्पांस्नी सांगायची न्हाय, ते झुरत बसून ऱ्हातील म्हणाली."

तेवढ्यात बायाक्का आली आणि राखेत काय चाललंय म्हणून ओरडली. दुपारच्या मोटारीने निघतो आहोत.

१ जानेवारी १९३९, रविवार

डायरी संपली. पण नवी कोण देतो? नोव्हेंबरच्या आधीची पानं कोरी आहेत, म्हणून पहिल्या पानावर आलो. छापलेला शनिवार खोडून रविवार केला, अडतीसचं एकोणचाळीस केलं. चालतं.

माग पहाटेपासून चालू असतो. काठ मी विणतो, पण शेजारी बसून दोरे अंजनी सांगते. चूक झाली की धोट्यावर टिचकी मारते. आईने पहिल्यांदाच सुनेच्या हातात चहा आणून दिला. वर मलाच म्हणाली, "तिला बोलवत बसू नकोस, मोजू दे."

गल्लीतले लोक बघायला येतात आणि काठाला हात लावू का म्हणून विचारतात. मी नाही म्हणतो. अंजनी हो म्हणते.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. तिळगूळ, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत. पदर उरलाय. जास्त लिहायला वेळ नाही, हाताला तूप आहे.

२० जानेवारी, शुक्रवार

लुगडं दिलं. अंजनीला दुकानात बरोबर नेलं. काठ तिचा, मग दाखवायला मी एकटा कसा जाऊ?

अप्पासाहेबांनी घडी उलगडली. गादीवर बसले होते ते तसेच राहिले. हिरवं का नाही, असं ओरडतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी नुसता काठावरून हात फिरवला, एकदा, दोनदा. गिरणीचा माणूस तिथेच होता. "बोलपटात हे हिरवं होतं ना?" तो म्हणाला. अप्पासाहेबांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"हा रंग कुणी काढला?" त्यांनी मला विचारलं.

मी अंजनीकडे बोट केलं. तिने पदर पुढे ओढला आणि हळूच म्हणाली, "तुमच्या जयाबाईंनीच सांगितलं, अप्पासाहेब."

अप्पासाहेबांनी उपरण्याने डोळे पुसले. मग नेहमीच्या आवाजात म्हणाले, "केदारी, फाल्गुनापर्यंत असली बारा पायजेत. कुठल्याबी रंगात." गिरणीच्या माणसाने पानाचा डबा बंद केला.

गल्लीत पाऊल टाकलं तेव्हा मी सांगायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं. अंजनी माझ्या शेजारून चालत होती.

२७ जानेवारी, शुक्रवार

कालच्या लग्नात मांडे होते. पालथ्या खापरावर पातळ भाजून आत खवा-साखर, घडी घातलेले, वर दूध. मी तीन खाल्ले. चौथ्याच्या वेळी अंजनी बायकांच्या पंगतीतून माझ्याकडे बघत होती, म्हणून थांबलो. नवरी मोरपंखी लुगड्यात फार गोड दिसत होती. पाठवणीच्या वेळी तिने पदर डोळ्यांना लावला, तेव्हा मी कुठेही गेलो नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

थेटरात नवा बोलपट आलाय. अंजनीला घेऊन गेलो. शेवटपर्यंत बसलो, राजाच्या गाण्याला उठावं लागलं तेही उठलो. गुंडूकडे पोचलो तोवर पहिला घाणा संपला होता. गुंडूने आत कुटुंबवाल्यांसाठी गोणपाटाचा पडदा लावून नवीन बाक टाकलंय. तिथे बसून दोघांनी गार भजी खाल्ली, आणि गरम चहा.

घरी आल्यावर आई म्हणाली, "कसला हाय रं नवा काठ?"

मी म्हणालो, "एका बघण्यात काय कळला नाही."

"ह्यात तर घोडा न्हाय म्हणं! ह्यात काय आडवं आलं?"

"हत्ती," मी म्हणालो.

आत चुलीपाशी अंजनी एवढी हसली की हातातलं पातेलं खाली पडलं. बुधवारी परत जायचं ठरलं आहे.